आयडीमागचं नाव फोडायचं का? आणि फोडायचंच तर कोणी?

घाटावरचा
सोमवार, रात्री १०:४८

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी लिफ्टशेजारी तक्रारपेटी लावली. कमिटीनेच ग्रुपवर टाकलं होतं की नाव लिहायची गरज नाही, मोकळेपणाने लिहा. पहिले दोन महिने त्यातून पिझ्झाची पत्रकं आणि कुणाच्या तरी पोराने चिकटवलेलं च्युइंगम एवढंच निघालं. मग एक टाइप केलेलं पत्र निघालं. पाण्याची टाकी वर्षभरात एकदाही धुतलेली नाही आणि बिलं मात्र दोनदा निघाली आहेत, असं त्यात होतं. तारखा होत्या, आकडे होते. तेवढ्यावर थांबलं असतं तर झक्कास होतं. पण शेवटी खजिनदारांच्या मुलीच्या लग्नाबद्दल एक घाणेरडं वाक्य होतं, मांडवाचा खर्च कुठून आला ते टाकीला विचारा, अशा धर्तीचं.

एजीएमला सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले, हे पत्र कोणी टाकलं ते आम्ही लिफ्टच्या सीसीटीव्हीत बघितलंय. आणि सरळ फ्लॅट नंबर वाचला. ते काका तिथेच चौथ्या रांगेत बसलेले, शेजारी काकू. पुढचा पाऊण तास काय झालं ते सांगत नाही, पण टाकीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. आणि खोटं कशाला बोलू, नंबर ऐकल्यावर मीही मान वळवून बघितलं. मधले सगळे दिवस आम्ही जिन्यात अंदाजच बांधत होतो ना, कोण असेल म्हणून.

तेव्हापासून मला २०१० चं क्लीव्हलंडचं प्रकरण सारखं आठवतंय. तिकडच्या प्लेन डीलर या पेपरच्या साइटवर 'लॉमिस' नावाचा आयडी बातम्यांखाली कमेंटी टाकायचा, ऐंशीच्या वर. त्यातली एक पेपरच्याच बातमीदाराच्या नातेवाइकाच्या मानसिक अवस्थेबद्दल होती. ती बघून पेपरमधल्या कुणीतरी हा आयडी कुठल्या ईमेलवरून नोंदवलाय ते आत जाऊन पाहिलं, तर तो ईमेल तिथल्याच एका न्यायाधीशबाईंचा, शर्ली स्ट्रिकलंड सॅफोल्ड यांचा. आणि लॉमिसने ज्या खटल्यांवर अक्कल पाजळली होती त्यातले काही चक्क याच बाईंच्या कोर्टात चालू! अँथनी सोवेलवर अकरा बायकांच्या खुनाचा खटला होता, त्याच्या वकिलावरही शेरे होते. पेपरने सगळं छापलं. बाई म्हणाल्या मी नाही त्यातली, मुलगी म्हणाली बऱ्याच कमेंटी माझ्या आहेत. सोवेलचा खटला बाईंकडून काढून घेतला गेला, बाईंनी पेपरवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला, तो वर्षाअखेर आपसात मिटला.

बातमी मोठी होती, वाद नाही. जजच्या ईमेलवरून तिच्यासमोरच्याच खटल्यावर कोणी गावगप्पा मारत असेल तर लोकांना कळलंच पाहिजे. पण मला टोचतं ते हे, की पेपरला ते नाव शोधावं लागलंच नाही. ते त्यांच्याच कपाटात होतं, खातं उघडताना त्या माणसाने स्वतःच्या हाताने दिलेलं. आणि कपाट उघडलं तेव्हा जज बिज काही माहीत नव्हतं, आपल्या माणसाबद्दल कोणी वाकडं बोललं म्हणून उघडलं. कुंपणानेच शेत खायचं आणि मग म्हणायचं बघा आत उंदीर सापडला.

बाहेरच्याने डोकं चालवून ओळखलं तर ते वेगळं, पण ज्याच्याकडे नाव ठेवायला दिलं त्याने ते कधीच फोडू नये, अगदी आत चोर सापडला तरी, असं माझं मत व्हायला लागलंय. चुकत असेन तर सांगा.

चकली
सोमवार, रात्री ११:१५

तक्रारपेटीवर कॅमेरा!! धन्य ते सेक्रेटरी.

आमच्या आधीच्या ऑफिसात दर दिवाळीला 'निनावी' सर्व्हे यायचा, लिंक मात्र प्रत्येकाला वेगळी. पहिल्याच वर्षी आमच्यातल्या एकाने लिंकचं शेपूट बघितलं आणि सगळ्यांना चहाच्या टपरीवर सांगितलं. त्यानंतर आमची टीम त्या कंपनीतली सगळ्यात सुखी टीम, कायम पाचपैकी पाच. मॅनेजरला बक्षीस पण मिळालं.

मुंगूस
सोमवार, रात्री ११:३२

सगळे काकांसाठी रडतायत, त्या खजिनदाराच्या पोरीचं काय? तिने काय केलं होतं? तिचं लग्न एजीएममध्ये चघळलं गेलं आणि लिहिणारा चौथ्या रांगेत बसून मजा बघणार होता. सेक्रेटरीने नाव घेतलं ते बरंच केलं. टाकीबद्दल लिहायचं होतं ना, मग खाली सही करायला काय झालं होतं? दम असेल तर नावानिशी बोला, नाहीतर गप्प बसा. निनावी पत्राची जागा केराच्या टोपलीत, आमचे आजोबा पोस्टात होते ते हेच म्हणायचे.

फायलीतला_उंदीर
मंगळवार, सकाळी ७:०५

मुंगूसराव, दम वगैरे ठीक आहे, पण मी सरकारी नोकरीत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९, एकदा वाचून बघा, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केली की काय होतं ते. मी इथे पाणीपुरवठ्यावर जे लिहितो ते अठ्ठावीस वर्षं फायली चाळून लिहितो. नावानिशी लिहायची सक्ती केलीत तर मी उद्यापासून फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवेन.

आणि ही काही नेटची नवी थेरं नाहीत. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये जी शंभरावर पत्रं आली, ब्राह्मणांच्या आळसापासून विधवांच्या हालांपर्यंत सगळ्यांची सालटी काढणारी, ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीतच होते आणि खाली सही 'लोकहितवादी'. संपादक होते भाऊ महाजन. आता समजा पुण्यातल्या चार मंडळींनी भाऊंचा दरवाजा ठोठावला असता, की हा कोण शहाणा ते सांग, आणि भाऊंनी सांगून टाकलं असतं, तर?

घाटावरचे, तुमचा 'ठेवायला दिलेलं नाव' हा मुद्दा वाचून मला दुसरंच आठवलं. सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा इंजिनीयर, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, कोडरम्याला सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. २००२ च्या नोव्हेंबरात त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, कंत्राटं कशी परस्पर छोट्या ठेकेदारांना विकली जातात ते सगळं. ते पत्र निनावी नव्हतं हे लक्षात घ्या. नाव नसेल तर कोणी वाचणार नाही म्हणून त्याने स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि विनंती केली की हे गुप्त ठेवा. पत्र त्या माहितीसकट खात्यात फिरलं, शेरे मारत मारत. २७ नोव्हेंबर २००३ ला पहाटे गयेला रिक्षातून घरी जाताना गोळी घातली त्याला. सीबीआयने लुटारूंचं काम म्हटलं, २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. खुनाचा आणि पत्राचा संबंध कोर्टात सिद्ध झाला नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. पण त्या माणसाने गुप्त ठेवा म्हणून दिलेला कागद पाच टेबलांवरून गेला, हे काही कोणी नाकारलेलं नाही.

त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव केला की अशी तक्रार दक्षता आयोगाकडे द्या, नाव फक्त आयोगाकडे राहील. आणि गंमत बघा, त्याच आयोगाचं १९९९ चं परिपत्रक आहे की निनावी तक्रारीवर कारवाई करू नये. म्हणजे नाव द्यायचंच. मग सगळा खेळ त्या एका माणसावर येतो ज्याच्या ड्रॉवरमध्ये तो लिफाफा आहे.

चकली
मंगळवार, सकाळी ८:२०

+१००. दुबेंचं वाचून चहा गार झाला.

हूस्टनकर
मंगळवार, सकाळी ९:५०

घाटावरचे, तुमचं 'कधीच फोडू नये' मला पटत नाही, पण 'बाहेरच्याने ओळखलं तर वेगळं' हे पण पुरतं पटत नाही. मी २०११ ते १४ न्यू ऑर्लिन्सला होतो, तिथलं सांगतो, थोडं लांबेल.

कतरिना वादळानंतर सहा दिवसांनी, ४ सप्टेंबर २००५ ला, डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. दोघं गेले, चौघं जबर जखमी. वर पोलिसांनी खोटे जबाब रचले. सहा वर्षांनी, २०११ मध्ये, पाच पोलिस दोषी ठरले आणि नंतर ६ पासून ६५ वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या. तिथल्या काळ्या वस्तीत काय वाटलं असेल तुम्ही कल्पना करा.

आता दुसरीकडे फ्रेड हीबी नावाचा कचरा डेपोचा मालक. त्याच्यामागे केंद्र सरकारच्या वकिलांचा ससेमिरा लागलेला. आणि तिथल्या पेपरच्या साइटवर, नोला डॉट कॉमवर, 'हेन्री एल मेंकेन १९५१' नावाचा एक आयडी हीबीला, पुढाऱ्यांना, पोलिसांना, जजना, सगळ्यांना धू धू धुवायचा. भाषा अशी की लायब्ररी खाल्लेली. हीबीने काय करावं? एफबीआयमधून निवृत्त झालेला भाषातज्ज्ञ लावला कामाला. त्याने कमेंटी आणि सरकारी वकिलांनी कोर्टात दिलेले कागद शेजारी शेजारी ठेवले, तेच ठेवणीतले शब्द, तीच वाक्यांची वळणं. मार्च २०१२ मध्ये कोर्टात अर्ज टाकला आणि थोड्याच दिवसांत सॅल पेरिकोनने कबूल केलं की मेंकेन मीच. सरकारी वकील कार्यालयातला बडा माणूस! नोव्हेंबरात त्याच ऑफिसातल्या दोन नंबरच्या जॅन मॅन पण सापडल्या, वेगळ्या आयडीने. डिसेंबरात त्यांचे साहेब जिम लेटन राजीनामा देऊन घरी.

मग डॅन्झिगरवाल्या पोलिसांचे वकील जागे झाले, की खटला चालू असताना सरकारचेच वकील बुरखा घालून आमच्या अशिलांना शिव्या घालत होते की. त्यात वॉशिंग्टनच्या न्याय खात्यातल्या एक वकीलबाई पण त्याच साइटवर टाकत होत्या असं निघालं. सप्टेंबर २०१३ ला जज एंगलहार्टनी १२९ पानी निकाल दिला, पाचही जणांच्या शिक्षा रद्द, खटला पहिल्यापासून. शेवटी २०१६ मध्ये पोलिसांनी गुन्हा कबूल करून तडजोड केली. ३ ते १२ वर्षं. पासष्टचे बारा.

पेरिकोनला उघडं पाडणं बरोबर होतं का? माझ्या मते शंभर टक्के. ज्याच्या हातात तुम्हाला जेलात टाकायची ताकद आहे त्याने बुरखा घालून तुमच्याबद्दल बोलायचं नसतं, तुमचा फायलीतला उंदीर आणि हा, दोघं एका मापाचे नाहीत. पण उघडं पाडलं कोणी, तर स्वतःची कातडी वाचवायला निघालेल्या पैसेवाल्याने, आणि बिल फाडलं गेलं पुलावर मेलेल्यांच्या घरच्यांच्या नावाने. त्यांनी कोणाचाच आयडी फोडला नव्हता. मी तेव्हा ऑफिसात एका काळ्या सहकाऱ्याला म्हटलं की बरं झालं निदान खरं बाहेर आलं, तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

रेघोट्या
मंगळवार, दुपारी १:३०

'बाहेरच्याने डोकं चालवून ओळखलं' यावरून.

इंग्लंडमध्ये 'नाइटजॅक' या नावाने एक पोलिस लिहायचा, लँकशायरमधला डिटेक्टिव्ह. रात्रपाळी, दारुडे, तेच ते गुन्हेगार, कागदपत्रांचा जाच. इतकं चांगलं की २००९ मध्ये त्याला ऑर्वेल पारितोषिक मिळालं. लंडनच्या टाइम्स या पेपरने त्याचं नाव काढलं, तो कोर्टात गेला, छापू नका म्हणून. जस्टिस इडी म्हणाले की असं लिहिणं हे मुळातच जाहीर काम आहे, त्यात खाजगीपणाची अपेक्षा कसली. जून २००९ मध्ये नाव छापलं. त्याला खात्याकडून लेखी समज, लिखाण सगळं पुसलं.

कोर्टात टाइम्सतर्फे सांगितलं होतं की नाव उघड्यावरच्या माहितीतून, तुकडे जुळवून काढलंय. आणि २०१२ मध्ये तिथल्या पेपरांच्या वागणुकीवर बसलेल्या लेव्हसन चौकशीत बाहेर आलं की बातमीदाराने त्याच्या ईमेलमध्ये घुसून आधी नाव बघितलं होतं, तुकडे मग जुळवले. टाइम्सने ४२,५०० पौंड भरपाई दिली.

तेव्हा 'मी डोकं चालवून ओळखलं' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, उत्तर माहीत झाल्यावर गणित सोडवलंस का आधी.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. शोधलं तर मिनिटात सापडेल, पण माझ्या हातून नको.

स्पष्टवक्ता
मंगळवार, दुपारी २:०२

एवढा काथ्याकूट कशाला, प्रत्येक आयडीला आधार जोडा. संपला विषय. ट्रोल एका दिवसात बंद.

कागदी_घोडे
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

कोर्टातून आत्ता आलो. स्पष्टवक्ता, हा प्रयोग करून झालाय. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर खरी ओळख दिल्याशिवाय कमेंट करता येणार नाही असा कायदा आणला. मग २०११ मध्ये तिथल्या 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या साइट्स फोडून साडेतीन कोटी लोकांची माहिती पळवली गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटी! ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने कायदा रद्द केला. ट्रोलिंग थांबली का विचाराल तर ती तिथेही थांबली नव्हती.

आणि तिथलाच 'मिनर्व्हा' आठवतोय का कोणाला? २००८ मध्ये लेहमन ही अमेरिकन बँक बुडणार म्हणून आधीच सांगणारा निनावी लेखक, सगळ्यांना वाटायचं कोणी बडा बँकर आहे. जानेवारी २००९ मध्ये अटक केली तर तिशीतला बेकार तरुण, दोन वर्षांच्या कॉलेजची पदवी. एप्रिलात निर्दोष सुटला. पण लोक त्याच्या अटकेपेक्षा त्याच्या डिग्रीवरच जास्त बोलले. नाव कळलं की माणसं मजकूर वाचायचं सोडून माणूस वाचायला लागतात, घाटावरच्यांच्या एजीएमला जे झालं तेच.

आता आपल्याकडचं. मुंगूसराव, त्या खजिनदारांना मार्ग होता आणि आहे. बदनामी झाली तर अज्ञात माणसावर दावा लावता येतो, अमेरिकेत त्याला जॉन डो म्हणतात, आपल्या कोर्टांनी त्याचं बारसं 'अशोक कुमार' असं केलंय :) कोर्ट मग कंपनीला सांगतं माहिती द्या. सरकारी यंत्रणेने लेखी मागितली तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. म्हणजे निनावी माणूस कायद्याच्या हाताबाहेर आहे हा गैरसमज आहे. प्रश्न फक्त एवढाच की दार कोणी उघडायचं, जजने का सेक्रेटरीने.

२०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टात एक प्रकरण झालं. कलाक्षेत्रातल्या बायकांचे अनुभव निनावी छापणारं एक इन्स्टाग्राम खातं होतं, त्यावर एका नामवंत कलावंताने ५ कोटींचा दावा लावला. कोर्टाने पोस्टी काढायला सांगितल्या आणि खातं चालवणाऱ्याची माहिती मागवली, पण सीलबंद लिफाफ्यात. पुढे त्या खात्याचा वकील हजर झाला आणि ओळख न सांगता बाजू मांडायला परवानगी मिळाली. २०२० मध्ये तडजोड झाली. कोणाचं खरं कोणाचं खोटं ते बाजूला ठेवा, मला त्यातला तो लिफाफा आवडतो. जजला कळलं पाहिजे, गावाला कळायची काही गरज नाही.

न्यू जर्सीच्या कोर्टाने २००१ मध्ये डेन्ड्राइट खटल्यात याहून पुढची पायरी सांगितली होती, नाव फोडायच्या आधी त्या निनावी माणसाला कळवा की तुझं नाव मागितलं जातंय आणि त्याला बोलायला वेळ द्या. मग फिर्यादीने नेमकी कुठली वाक्यं ते दाखवायचं, पुरावा दाखवायचा, मग तोलायचं. आमच्याकडे बरेचदा नाव आधी फुटतं आणि तोलायचं राहून जातं.

शेवगा
मंगळवार, रात्री ९:१०

मी सात-आठ वर्षांपूर्वी एका छोट्या मराठी साइटच्या व्यवस्थापनात होते. आता बंद आहे ती, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा कळतं की तुम्हाला किती दिसतं. आयपी, ईमेल, लॉगिनच्या वेळा, कोण कोणाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतं. पहिला आठवडा मी नुसती बघत बसले होते, लाज वाटते सांगायला. आपल्याला चावणारा आयडी कोणाचा ते बघायचा मोह होतोच, आणि तो दर वेळी 'साइटच्या भल्यासाठी'च असतो. प्लेन डीलरवाल्यांना मी त्यामुळे फार शिव्या घालू शकत नाही.

आमच्याकडे पाककृती विभागात दोन आयडींचं हाडवैर होतं. एकीने पुरणपोळी टाकली की दुसरी खाली येऊन गुळाचं प्रमाण काढायची, आणि उलट. दोघींचा आयपी एकच. आमच्यातल्या एकाने न राहवून जाहीर लिहिलं, नाटकं बंद करा, हे दोन्ही आयडी एकाच बाईचे आहेत, टीआरपीसाठी स्वतःशीच भांडतेय. झालं. त्या होत्या सासू आणि सून. एका घरात, एका वायफायवर, एकीला दुसरीचा आयडी माहीत नाही. सून आधी 'आमच्या घरी कसं सगळं अळणी लागतं' यावर सविस्तर लिहून चुकली होती. पुढचं तुम्हीच समजा. मी दोघींना माफीची ईमेल लिहिली, एकीचंच उत्तर आलं.

हसू येतं, पण याच चुकीने २००७ मध्ये काय झालं ते पुणेकरांना आठवत असेल. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल घाणेरडा मजकूर कोणीतरी टाकला. पुण्याच्या सायबर पोलिसांनी आयपी काढला, इंटरनेट कंपनीने त्या आयपीचं गिऱ्हाईक म्हणून बंगळुरूच्या एका तरुणाचं नाव दिलं. ऑगस्टअखेर उचलून आणलं त्याला पुण्यात. कंपनीने माहिती चुकीची दिली होती, तो माणूसच नव्हता तो. हे निस्तरेपर्यंत पन्नासेक दिवस येरवड्यात काढले त्याने. काहीही न लिहिता.

म्हणून घाटावरचे, तुमच्या त्या सीसीटीव्हीत काका पत्र पेटीत टाकताना दिसले ना, लिहिताना नाही दिसले. हे कोणी विचारलं का एजीएमला?

घाटावरचा
मंगळवार, रात्री ९:३५

नाही विचारलं. माझ्या डोक्यातच आलं नाही हे. आज दिवसभर धागा वाचतोय आणि हे आत्ता कळतंय.

मुंगूस
मंगळवार, रात्री ११:५०

चला, मी पण डोकं चालवून बघतो. घाटावरचे यांचे जुने प्रतिसाद चाळले, फक्त चाळीस मिनिटं लागली. पुलाच्या कामाबद्दलचा मार्चमधला प्रतिसाद, शाळेच्या बसचा, आणि तो गणपतीच्या वर्गणीवरचा. दोन विंगा, एक लिफ्ट कायम बंद, समोर गॅस एजन्सी. माझ्या मते सोसायटीचं नाव [मजकूर व्यवस्थापकांनी काढला आहे] आणि सेक्रेटरी [मजकूर व्यवस्थापकांनी काढला आहे]. बरोबर का? सगळं उघड्यावरचं आहे, कोणाचं कपाट फोडलेलं नाही!

चकली
बुधवार, सकाळी ६:५५

मुंगूस हे काय!! रात्री वाचलं तेव्हा नावं होती. त्या काकांचे नातेवाईक इथे वाचत असतील तर?

रेघोट्या
बुधवार, सकाळी ७:१०

सहा तास होती नावं. दोनशे लोकांनी तरी वाचली असतील. आता काढून काय उपयोग.

मुंगूस
बुधवार, सकाळी ९:०५

अरे मी दाखवायला म्हणून केलं, की किती सोपं आहे. घाटावरचे यांना काही झालं नाही ना? मी तर काकांचं नाव लिहिलंच नव्हतं, मला माहीत पण नाही. व्यवस्थापकांना मीच सकाळी उठल्या उठल्या कळवलं काढा म्हणून, हवं तर विचारा त्यांना. बाकी खजिनदाराच्या पोरीबद्दलचं माझं मत तेच आहे.

फायलीतला_उंदीर
बुधवार, सकाळी ९:४०

मुंगूसराव, राग नाही, पण तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी माझे गेल्या तीन वर्षांतले पाणीपुरवठ्यावरचे प्रतिसाद चाळले. किती ठिकाणी तालुक्याचं नाव आहे! व्यवस्थापकांना यादी पाठवतोय, उडवून टाका म्हणून. त्यातला टँकरच्या बिलांवरचा एक बऱ्यापैकी जमला होता.

हूस्टनकर
बुधवार, सकाळी १०:३०

तो टँकरवाला नका उडवू हो. तालुका काढून परत टाका.

घाटावरचा
बुधवार, रात्री १०:२०

मुंगूस, बरोबर का चूक ते सांगणार नाही. गॅस एजन्सीचं मी कधी लिहिलं होतं ते मलाच आठवत नव्हतं.

'कधीच फोडू नये' हे माझं वाक्य मागे घेतो. हूस्टनकरांचा पेरिकोन आणि घोडेसाहेबांचा लिफाफा, दोन्ही पटले. सेक्रेटरीने खजिनदारांना सांगायला हवं होतं की दावा लावा, मागितलं तर फुटेज कोर्टात देऊ. त्याऐवजी मान वळवायला आम्हा साठ जणांना बोलावलं.

आज संध्याकाळी काकांकडे गेलो होतो. एजीएमनंतर पहिल्यांदाच. पत्राचं मी काही काढलं नाही, त्यांनीही नाही. टाकीसाठी नावानिशी अर्ज करतोय म्हटलं, माझी आणि अजून तिघांची सही झालीये, तुमची घेऊ का? काका म्हणाले नको, माझी सही बघितली की तो अर्जही त्याच पेटीत जाईल. काकू बँकेत ऑडिटला होत्या हे मला आजच कळलं. अर्ज त्यांनी हातात घेतला, चष्मा लावला, आणि दुसऱ्या बिलाची तारीख चुकलीये म्हणून पेनाने दुरुस्त करून दिली. न बघता, तोंडपाठ.

चहा दिला. मी कपाकडे बघतोय असं वाटलं असेल त्यांना, म्हणाल्या घ्या, पाणी जारचं आहे.

चकली
बुधवार, रात्री १०:४१

टाकी धुणारा चांगला माणूस आहे आमच्याकडे. नंबर व्यनि करते, इथे टाकत नाही :)